चाळीस किलोमीटरच्या आत

जानेवारीपासून लोर्कन मुक्काम निवडतोय.
स्वयंपाकघराच्या टेबलावर फ्रान्स पसरलेला,
शेरबूरवर मिठाची बरणी,
कोपरा वर उठू नये म्हणून.
हिरवी टिकली म्हणजे नदी.
निळी म्हणजे पाणी भरता येतं.
लाल म्हणजे, एथ्नाला आवडणार नाही.
एथ्ना मी. मला कुणी विचारलेलं नाही,
पण लाल टिकल्या बऱ्याच आहेत.

माझा नियम एकच:
बोटीतून उतरल्यावरची पहिली रात्र
चाळीस किलोमीटरच्या आत.
कागदावर बोट दुपारी चारला लागते.
कागदाला लाटा नसतात.
शिवाय लोर्कनच्या डाव्या डोळ्याला आता
समोरून येणारा प्रत्येक दिवा
फोडलेल्या संत्र्यासारखा दिसतो.
म्हणून दिवसा तो, रात्री मी.
हे आम्ही ठरवलं, असं आम्ही म्हणतो.

तो म्हणतो, कालव्याकाठी शांत आहे.
मी म्हणते, शांत म्हणजे काळोख.
तो म्हणतो, चर्चच्या मागे फुकट आहे.
मी म्हणते, दर पंधरा मिनिटांनी घंटा,
फुकट का असेल, तूच सांग.
तो म्हणतो, सायडरवाल्याच्या बागेत राहू देतात,
फक्त दोन बाटल्या घ्यायच्या.
मागच्या वेळी आपण अकरा घेतल्या होत्या.
मग दोघंही गप्प. किटली तेवढी बोलते.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
विंचवाला सपाट जमीन लागत नाही.
आम्हाला लागते. जरासा उतार असला
की त्याचं सगळं रक्त डोक्यात
आणि माझी सगळी झोप पायात.
चाकाखाली सारायच्या दोन पिवळ्या पाचरी
लग्नात मिळालेल्या कुठल्याही भांड्यापेक्षा
जास्त वापरल्यात आम्ही.

शेवटी ठरलं सां-ऑबेर.
बंदरापासून एकतीस किलोमीटर,
गावचं मैदान, आठ जागा, एक दिवा,
नळ, आणि सातला उघडणारी बेकरी.
लोर्कनने तिथे दोन टिकल्या लावल्या,
हिरवीवर निळी.

रॉसलेअरला वारा सुटला होता.
बोट लागली रात्री दहाला.
ट्रकांच्या मागून, रस्त्याच्या परक्या बाजूने,
कुंपणं घासत मी आणली गाडी,
आणि मैदानावर आठ जागांच्या जागी
जत्रा उभी.

झाकलेलं चक्र, ताडपत्रीखाली आपटगाड्या,
आणि टॉर्च घेऊन आलेली एक बाई,
पायात लोकरी सपाता.
मी काच खाली केली. शाळेतल्या फ्रेंचमधून
तीनच शब्द निघाले:
नवरा. डोळा. रात्र.
तिने गाडी पाहिली, मग लोर्कन,
त्याच्या मांडीवरचा टिकल्यांचा नकाशा.
हसली नाही. हात हलवला:
मागे, मागे, अजून, बस्स.
लाकडी घोडे आणि साखरेचा कापूस यांच्यामधे
बरोबर एका गाडीची जागा.
तीही फिरस्ती, झोसियान तिचं नाव.
तिला मोजपट्टी लागत नाही.

जमीन सपाट होती. पाचरी काढल्याच नाहीत.

पाठ टेकली तरी अंगात बोट डोलतच होती.
खिडकीत ताडपत्रीची फट,
फटीत एक खूर, सोनेरी,
वर उचललेला, तसाच.
लोर्कन अंधारात म्हणाला, किती असतील?
मला वाटलं, पैसे विचारतोय.
घोडे विचारत होता.

पैसे सकाळी साडेसहाला निघाले.
झोसियानने दार ठोठावलं: चार युरो,
आणि नगरपालिकेचा माणूस यायच्या आत निघा.
लोर्कनने पावती मागितली.
कापसाच्या काडीच्या वेष्टनावर
तिने चार लिहून सही केली.

वहीत त्याने नोंद केली:
सां-ऑबेर. सपाट. घोडे बारा. नळ जत्रेखाली.
टिकल्यांची डबी उघडली, पाहिली, मिटली.
पुढचा मुक्काम दोनशे दहा किलोमीटर,
नदीकाठी, लाल.

बेकरी अजून उघडली नव्हती.
चांगलं लख्ख उजाडलं होतं.
मी स्टिअरिंगवरून उठायच्या बेतात होते,
तर तो पलीकडच्या सीटवर बसला,
पट्टा लावला,
आणि चष्मा पुसत राहिला.