फक्त मथळे

पर्वरीचा पोरगा फोनवर सांगतो, मॅडम, तुमचा डबा भरत आलाय.
मी म्हणते, रोज तर पुसते.
तो हसत नाही, हे त्याचं चांगलं.
तुम्ही पुसता ते तुमच्या मशीनवरचं, म्हणतो.
सर्व्हरवर प्रत राहतेच. तशी खूण केलीय कुणीतरी.

कुणीतरी म्हणजे मीच. दोन हजार नऊ साली,
नदीत बार्जींची रांग लागायची तेव्हा
शेट बजावून गेले होते,
एक कागद हरवता कामा नये.

आता सावर्ड्याच्या ह्या हपिसात मी आणि एक पंखा.
भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक, कुठल्या तरी जुन्या सालाचं.
धक्क्यावर घाणेरी माजलीय,
कन्व्हेयरचा पट्टा कुणी कापून नेला
गुरांखाली अंथरायला. बरं केलं.

सोमवारपासून नवं टपाल उतरत नाही.
सातवा मेल येतो, आठवा चाळीस टक्क्यांवर अडकतो,
तुटतो, परत पहिल्यापासून.
दारात कपाट अडकलेलं
आणि मागं माणसं पिशव्या घेऊन ताटकळत.

‘फक्त मथळे आणा’ असं एक बटण आहे म्हणे.
इतकी वर्षं मला ते दिसलं नव्हतं.
दाबलं, तर पाकीट न फोडता सगळं कळलं:
कोणाकडून, कधी, कशाबद्दल, किती जड.

पुसत गेले.
जपानी जहाजाचा लोडिंग तक्ता, दहा साली.
लोखंडाचा टक्का अठ्ठावन्न की साडेसत्तावन्न
यावरून झालेली चौदा पत्रं.
डिमेलो सर्व्हेयर (आता नाहीत).
डिमेलो सर्व्हेयर.
डिमेलो सर्व्हेयर, विषय: ‘काल विसरलो’.
प्रत्येकावर आडवी रेघ पडते,
मेल लगेच जात नाही,
रेघ अंगावर घेऊन यादीत बसून राहतो
पुढच्या जोडणीपर्यंत.

आणि आठवा.
गुरुदास तारी. सोमवार, रात्री एक चाळीस.
विषय: चंद्रेश्वर ३ फोटो.
एकतीस एमबी.

गुरुदास तांडेल होता. आता राखणदार,
पंचवाडीच्या वळणावर नांगरलेल्या रिकाम्या बार्जीवर
एकटा. रेंज मिळते ती नाळेवर उभं राहिल्यावर.
फोटो कसला असणार, म्हटलं.
मागल्या वेळी सुसर पाठवली होती.
रेघ मारली. जोडलं.

धडाधड उतरलं सगळं.
विमा. बक्षीस. विमा. जीएसटी.
मग त्याचेच तीन, बिनफोटोचे, हलके:

मंगळवार. एक वीत.

बुधवार. दीड वीत. पंप लावलाय.

गुरुवार. डिझेल संपत आलं. शेटना सांगितलं का.

मी रेघ काढायला धावले.
यादीत तो ओळीसकट नव्हता.
पर्वरीला फोन केला, पोरगा म्हणाला,
सर्व्हरवरनं गेलं म्हणजे गेलं, मॅडम,
तुम्हालाच तर मोकळं करायचं होतं ना?

तासाभरानं गुरुदासचा फोन लागला.
मागं पंपाची धडधड, वारा.
फोटो बघितलात?
बघितला, मी म्हटलं.
मग सांगा, डावीकडचं ते भोक
तुम्हाला केवढं वाटतं? वेल्डिंगवाला विचारतोय,
मुठीएवढं की नारळाएवढं. मला आता पाण्याखाली दिसत नाही.

पंखा फिरत होता. कोष्टकाचा कोपरा फडफडत होता.
परत पाठव, मी म्हटलं,
जरा बारीक करून पाठव. इथं अडकतं.

पलीकडे पंप तेवढा बोलत राहिला.
मग तो म्हणाला,
भोक बारीक कसं करू, बाय?