किरकोळ

बाउके ड्राइस्मा गेला.
रामबागेत त्याच्या लेकीचं पत्र आलं,
सोबत डच पेपरातलं कात्रण, कडेला तिचं इंग्रजी:
दोनदा खासदार, अकरा महिने मंत्री,
उदारमतवादी पक्षात उभा जन्म,
शेवटी त्याच पक्षातून बाहेर.
फोटोत टक्कल.

मला आठवतो तो जिरावणानं ठसकणारा पोरगा,
यशवंत सागराची खोली मोजायला आलेला,
माझ्या सायकलच्या कॅरियरवर
लांब पाय सावरत बसणारा.

एकदा नगर निगमच्या सभेला नेलं त्याला.
मिल भागातले गेंदालाल बोरासी उठले.
दोन वाक्यं झाली नसतील,
बाकं वाजायला लागली.
काय म्हणाला तो? बाउकेनं विचारलं.
काही नाही रे, किरकोळ.
किरकोळ? त्यानं वहीत उतरवून घेतलं,
मराठी शब्द जमवायचा तो.

लेक लिहिते:
राजीनाम्याच्या दिवशी बाबा सभागृहात म्हणाले,
समोरचा माणूस मला मुळीच आवडत नाही,
पण त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.
मग तुमच्या गावाचं नाव घेतलं
आणि एक शब्द उच्चारला, किर्कोल.
इथे कुणालाच कळला नाही.
अर्थ कळवाल का?

तीन दिवस पेन उघडं.
बोरासी म्हणाले होते,
"नल हमारी गली के मुहाने तक आता है, साहब,
और मुड़ जाता है।"

एवढंच.
नीट ऐकलं होतं मी.
नळाचा नकाशा माझ्याच टेबलावर होता.