लोखंड चांगलं आहे

कुळ्याच्या स्टेशनामागे माझं गॅरेज:
चार खांब, पत्रे आणि एक खड्डा.
त्यात उभा राहून एकतीस वर्षं
मी जिपांची पोटं बघतोय.

यंदा धबधब्याची वाट उघडली त्याच आठवड्यात
पणजीहून एक जण आला नवीकोरी गाडी घेऊन.
काळी, उंच,
किती अंशांनी कललोय ते पडद्यावर दाखवणारी.
गेटावर अडवलं, म्हणून अलीकडच्या उतारावर पाण्यात घातली.
मधोमध गेली आणि थांबली.
धूर नाही, खडखड नाही,
फक्त एक पिवळा दिवा
आणि इंग्रजीत, अगदी अदबीनं, एक वाक्य.

कायतानची जीप गेली काढायला.
कागदावर ती बाहत्तर सालची.
इंजिन तिचं नाही,
गिअरबॉक्स लिलावातल्या सरकारी गाडीचा,
चासी दोनदा जोडलेली,
हॉर्न कुणाच्या तरी बसचा.
खोकत, थुंकत, मागची चाकं गाळात घासत
तिनं त्या काळीला काठावर आणलं
दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखं.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
"पळय रे बाब," कायतान म्हणाला, "हें लोखण!"
मीही हसलो.

रात्री दिवा घेऊन खड्ड्यात उतरलो तेव्हा मोजलं:
पाट्यातलं एक पान तुटलेलं,
दोन बुश गेलेले,
क्लचला जळका वास.
सकाळी सहाला ती पुन्हा रांगेत उभी राहणार
आणि पाहुणे बॉनेटवर थाप मारून म्हणणार,
काय दणकट होत्या हो जुन्या गाड्या!

होत्या म्हणजे काय?
रोज मोडते ती.
रोज मोडते आणि मला कळतं कुठे,
एवढाच तिचा दणकटपणा.
बाकीचा माझ्या डाव्या अंगठ्यात आहे,
ज्याला नख येत नाही.

आणि एकदा ती मोडली नव्हती.
चौऱ्याण्णव साली, सावर्ड्याच्या रस्त्यावर,
खनिजाच्या ट्रकाला समोरून धडकली.
तेव्हा ती पुनो वेळीप चालवायचा.
बंपर बोटभर वाकला.
मी तो हातोड्यानं अर्ध्या तासात सरळ केला.
पुनो सरळ झाला नाही.
पत्र्यानं धक्का स्वतःकडे ठेवलाच नाही,
जसाच्या तसा त्याच्या छातीकडे पोचवला,
इमानी गड्यानं निरोप पोचवावा तसा.
आठ दिवसांनी जीप रस्त्यावर होती.
लोक कौतुक करत होते.
माझंही.

पणजीवाला त्या रात्री माझ्याच बाकावर निजला.
झोप येईना तसा बोलू लागला.
ह्याच्या आधीची गाडी बोरीच्या पुलाअलीकडे गेली,
पुढचा भाग रद्दीच्या कागदासारखा चुरगळला,
आणि तो स्वतः दार उघडून
चष्मा शोधत बाहेर आला.
हे त्यानं ओशाळून सांगितलं,
जणू गाडीचा नादानपणा कबूल करत होता.
मी काही बोललो नाही.
पुनोची बायको अजून स्टेशनाबाहेर केळी विकते.

सकाळी वेर्ण्याहून कंपनीचा पोरगा आला.
त्यानं लॅपटॉप जोडला, बॉनेटही उघडलं नाही आधी.
माझे पाने भिंतीवर ओळीनं टांगलेले,
त्यानं एकदाही वर बघितलं नाही.
मग पडद्याकडे बघून म्हणाला,
"मेस्त, सुकं फडकं आहे का?"
कुठल्याशा जोडात चमचाभर पाणी गेलं होतं.
चमचाभर!
दीड टनाचं जनावर, आणि चमचाभर पाणी.
मी बनियनचा तुकडा फाडून दिला.
त्यानं पुसलं, फुंकर मारली, गाडी सुरू झाली.

तर ह्यातली कणखर कोण, विचाराल,
तर मला विचारू नका.
एक चमचाभर पाण्याला घाबरते,
एक माणसाला घाबरत नाही.

दुपारी भंगारातल्या एका मारुतीचे पट्टे काढले
आणि कायतानच्या जीपला बसवायला घेतले.
कायतान म्हणाला, "हिका पट्टे? लोक हांसतले."
हसू देत, म्हटलं, धर इकडून.
भोकं पाडताना ड्रिलचं बिट
दोनदा तुटलं.
लोखंड खरंच चांगलं आहे.