दगड्या

बी दिलं मुंढव्याच्या लोणकर काकूंनी,
जुन्या दिनदर्शिकेच्या पानावर वाळवलेलं.
एकादशीच्या चौकटीत सात, अमावस्येवर तीन.
"कुठंही लाव," म्हणाल्या, "दगड्या आहे तो.
मेला तर फोन कर. बघायला येईन."

मी एकतीस वर्षं वेधशाळेत
सकाळी साडेआठला किमान तापमान लिहिलं.
'कुठंही' हा शब्द मला पचत नाही.
म्हणून पाच आत, पाच बाहेर.

आत म्हणजे
हडपसरच्या नर्सरीनं भंगारात काढलेला प्लास्टिक कागद
आणि इस्माईल प्लंबरनं गुडघ्यावर वाकवलेले पाइप.
पॉलीहाउस म्हणायची हौस.
मी आणि एक बादली मावतो, तिसऱ्याला जागा नाही.

बाहेर म्हणजे बाहेर.
सुतारवाडीचा उतार, मुरूम, शेजारची बोकी.

ऑक्टोबर संपताना वहीत लिहिलं:
आत एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, सुतळी धरून अजून वर.
बाहेर एक्केचाळीस. पानांच्या कडा करपलेल्या.
शेऱ्याचा रकाना होता.
मी तो मोकळा ठेवला, सवयीनं.

मग आत फुलं आली,
आणि गळाली.
रोज सकाळी वीस-पंचवीस, देठाच्या गाठीशी तुटलेली.
बाहेरच्या खुजट रोपांवर मात्र
वाटाण्याएवढं काहीतरी धरलेलं.

बऱ्याच उशिरा लक्षात आलं.
टोमॅटोच्या फुलाला हादरा लागतो.
पराग नळीत घट्ट बसलेला, कुणी हलवल्याशिवाय उतरत नाही.
वाऱ्याचं काम. भुंग्याचं काम.
आणि मी तर दोघांनाही चिकटपट्टी लावून बाहेर ठेवलेलं.

ह्यांचं दाढीचं मशीन कपाटात होतं.
चार वर्षांत कुणी चार्ज केलं नव्हतं.
सकाळी दहाला ते घेऊन आत शिरले,
एकेका घोसाच्या मागे टेकवलं.
तोच आवाज, सात-पाचचा,
न्हाणीघराच्या दाराआडून यायचा तो.
बाहीवर पिवळी पूड पडली.
मी बराच वेळ ती झटकली नाही.

डिसेंबरात एका पहाटे सहा पूर्णांक आठ.
चार वाजता टॉर्च आणि चादर घेऊन बाहेर गेले.
शेजारच्या देवयानीनं बजावलं होतं, झाकाच.
उभी राहिले. दव पडत होतं.
हवा अडवायची नाही, लिहायची,
एवढंच तर शिकले होते.
शेवटी चादर मीच पांघरली.

दोन मेली.
सकाळी काळी, उकडलेल्या पालकासारखी.
फोन केला. काकू खरंच आल्या,
मनपाला बस बदलून, हातात भाकरीचं फडकं.

मेलेल्या रोपांकडे त्यांनी नीट पाहिलं,
जशी पाहुण्यांकडे मयताची विचारपूस करतात तशी.
मग उरलेल्या तिघांपैकी एकाचं फळ तोडलं.
खांद्याशी तडकलेलं, माझ्या टाचेसारखं.
चावलं. डोळे मिटले. "आंबट आहे मेला," म्हणाल्या, खूश होऊन.

आतली फळं गुळगुळीत, लाल, तराजूला शोभतील अशी.
तीही त्यांनी खाल्ली. काही बोलल्या नाहीत.
मशीन दिसलं तेव्हा विचारलं, हे काय?
मी चालू करून दाखवलं.
त्यांनी घोसाला कान लावला,
आणि जरा वेळानं मागे सरकल्या,
मला जागा देत, जरी जागा नव्हती.

जाताना म्हणाल्या, "एखादं कोरं पान दे."
वहीचं मागचं पान फाडून दिलं.
त्यावर त्यांनी बाहेरचं एक पिळलं, आतलं एक पिळलं,
दोन्ही एकाच बोटानं पसरलं.
"अहो, वेगळं ठेवा ना," मी म्हणाले.
"कशाला? बी एकच आहे."

पान खिडकीत वाळतंय.
कुठलं कुठलं ते आता मलाही सांगता येणार नाही.
मशीन चार्जिंगला लावलंय.
उद्याचं किमान, माझ्या अंदाजानं, नऊ.