पाचवी फेरी

जॉर्जियाच्या त्या बाईचं नाव मका.
पाटी लावताना आमचा शिपाई बंडा सुतार
दोन दिवस हसत होता.

आज तिच्यासमोर शाहूपुरीची शर्वाणी इंगवले.
बाप तालमीत वस्ताद,
शेवटच्या रांगेत,
शड्डू ठोकायचा हात मांडीखाली दाबून.

चार तास.
पाठ कुणाचीच टेकेना.
मग मकानंच घड्याळ थांबवलं,
राजा आडवा केला.

बाहेर चहाच्या टेबलावर
मी वजीर दाखवून खुणेनं विचारलं,
तुमच्यात ह्याला काय म्हणता?
"लाझिएरी."

वस्ताद कप खाली ठेवत म्हणाले,
वजीरच की ओ!
एवढ्या लांबनं आली पोरगी
आणि मोहरं आपलंच.

बंडा आत गेला.
तिच्या नावाची पाटी कलली होती,
बाहीनं पुसून
सरळ केली.