तळमजला, जिन्याखाली, उणे ब्याण्णव

निपाणीतल्या त्या वखारीचा आता दवाखाना झालाय.
भिंती त्याच. दोन हात जाड, काळ्या दगडाच्या,
वरून पांढरा डिस्टेंपर, आत तंबाखू.
हवा दमट झाली की तिसऱ्या वॉर्डात
उगाच शिंका येतात म्हणे.

मी भिंतींना विचारत फिरते, किती जाऊ देता.
तिपाईच्या टोकाला बांधलेला बशीएवढा डबा
बोलत राहतो. मी लांब जाऊन ऐकते.
दहा पावलं. उणे अठ्ठावन्न. टिचकी.
अजून दहा. उणे एकाहत्तर. टिचकी.
लॅपटॉपवर रंग चढत जातो,
हिरवा, मग पिकल्या पानाचा, मग विटकरी.

शत्तुप्पा वॉचमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागं मागं.
"काय शोधुलाय बाई? पाणी?"
तसंच काहीतरी, मी म्हटलं.
"मग नारळ आणू काय, तळहातावर धराय?"
तेव्हापासून मी पाणाडीण.

ऑफिसात बसून काढलेला नकाशा वेगळा होता.
त्यात भिंतीला नुसती जाडी होती.
एक्स-रेच्या दारातलं शिसं नव्हतं,
औषधांची लोखंडी कपाटं नव्हती,
आणि बाजाराच्या दिवशी बाकांवर
दाटीनं बसलेली माणसं तर नव्हतीच.
माणूस म्हणजे बहुतेक पाणी. पाणी लहर पिऊन टाकतं.
सकाळी रिकाम्या ओपीडीत जे हिरवं होतं
ते अकरा वाजता, अक्कोळ-गळतग्याची गाडी आल्यावर,
सहा डेसिबलनं उतरलं.
एक बाई खोकत होती. पोरगं तिच्या मांडीवर झोपलेलं.
मी त्या दोघांना भिंतीत धरलं.

खिडकीपाशी माझा फोन गोंधळतो,
कधी इथला टॉवर, कधी कागलकडचा,
मध्येच अर्धं वाक्य गिळतो.
सिस्टर गौरव्वा "एल्ली नोवु ऐती?" म्हणून सुरुवात करते
आणि सुई टोचेपर्यंत मराठीत आलेली असते.
तिचं कुठं काही तुटत नाही.

तळमजल्यावर जिन्याखाली, जिथं पूर्वी बोदं रचायचे,
उणे ब्याण्णव.
म्हणजे काहीच नाही.
एक स्टूल होतं, घडी घातलेली चादर, चहाचा पेला.
"हितं नको लावू तो डबा," गौरव्वा म्हणाली.
आता घंटी मनगटावर वाजणार होती तिच्या,
बावीस खाटांची, कुठंही असली तरी.
"रात्री दहा मिनटं बसते. दहाच."

मला चौदा नंबरचा म्हातारा आठवला.
तिनं ते ओळखलं.
"वर मंगला असते की तवा. आळीपाळीनं बसतो."

करारात लिहिलंय, शंभर टक्के.
रात्री लॉजवर रिपोर्ट भरताना
ठिकाण क्रमांक एकेचाळीसपुढं मी लिहिलं:
भिंत जाड. वापर नगण्य.
पहिलं वाक्य खरं आहे.
दुसरं दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं.

निघताना गेटपाशी शत्तुप्पा.
"लागलं काय पाणी?"
सगळीकडं लागलं, म्हटलं, एक जागा सोडून.
त्यानं इकडंतिकडं बघितलं, जुडगा मुठीत दाबला.
"ती जागा तेवढी मला सांगून जावा.
माझा बी फोन लय वाजुलाय."