वायसर

हापशाचा दांडा वर-खाली होतो, पाणी येत नाही.
आत एक वायसर असतो, रबराचा,
माझ्या तळहाताएवढाही नाही.
तो झिजलाय, बाकी काही नाही,
असं सिक्वेसे सांगतो, आणि आम्ही
कुणी गेल्याचं कळावं तशा गप्प.

चिल्वा तळं यंदा इतकं मागे सरलंय
की होड्या चिखलात बसल्यात
आणि कुत्री त्यांच्या सावलीला.

वही माझ्याकडे असते.
घरटी पाचशे क्वाचा, महिन्याला.
दिले त्याच्यापुढे फुली, नाही दिले त्याच्यापुढे कारण:
मूल आजारी. नवरा खाणीवर, दक्षिणेला. कोंबड्या मेल्या.
एका जागी माझंच अक्षर: तोंड पाहून विचारलं नाही.

जिल्ह्याच्या पाणी कचेरीत तीनदा गेले.
पहिल्यांदा साहेब नव्हते.
दुसऱ्यांदा साहेब होते, गाडीला डिझेल नव्हतं.
तिसऱ्यांदा दोन्ही होतं,
पण आमचं गाव 'पाणी आहे' या रकान्यात होतं
आणि रकाना बदलायचा अर्ज
वरून यायचा होता.

मग निवडणूक आली.

एकाने कापड वाटलं, त्यावर त्याचाच चेहरा.
फायलेसीने त्यात बाळ पाठीला बांधलं;
चेहरा नेमका बाळाच्या ढुंगणाखाली.
हसलो पोटभर. कापड मात्र चांगलं, रंग गेला नाही.
दुसऱ्याने मीठ दिलं, साबण दिला.
साबण! म्हातारा मालिझानी म्हणाला,
आणि अंग काय थुंकीने भिजवायचं?
तिसरा आधीपासून खुर्चीत.
त्याने हापसा निळा रंगवून घेतला,
वर स्वतःचं नाव, पांढरं.
रंग वाळेपर्यंत कुणी दांड्याला हात लावू नये म्हणून
एक पोरगा राखणीला, दिवसाचे हजार.
मी सिक्वेसेला विचारलं, वायसर केवढ्याला?
तो म्हणाला, त्या पोराच्या चार दिवसांना.

मतदानाला पहाटे तीनपासून रांग, शाळेपुढे.
कुणी लावून दिली नव्हती, तरी
हापशावर बादल्या लागायच्या
त्याच क्रमाने बायका उभ्या.
माझ्यापुढे फायलेसी, मागे दोरोफे.

दोरोफेचं ठरलेलं: मीठवाला.
मिठासाठी नाही गं, म्हणाली.
माझी आई गेली तेव्हा तो आला होता.
अंगणात जमिनीवर बसला, आमच्या माणसांत,
माती देईपर्यंत. घड्याळ पाहिलं नाही.
शहरातले म्हणतात, ही माणसं किलोभर मिठाला विकली जातात.
त्यांच्याकडे मयताला कोण बसतं
कुणास ठाऊक.

माझं मी सांगत नाही.
पुठ्ठ्याच्या आडोशाला पेन दोरीने बांधलेलं होतं.
उगाच बरं वाटलं,
कशाची तरी काळजी
कुणीतरी घेतली होती.

निळावाला आला, एकशे बारा मतांनी.
मिरवणुकीचा ट्रक आमच्याच वाळूत रुतला,
चाक फुटलं, ट्यूब टाकून गेले.
सिक्वेसेने ती उचलली. धुवायला पाणी कुठलं,
विजारीला पुसली,
शिंप्याच्या कात्रीने गोल कापली. चुकला.
पुन्हा कापली.
दांडा बावीस वेळा कोरडा (मी मोजत होते),
मग नळीला खोकला, मग लाल गढूळ,
मग पाणी.

फायलेसीने हात घासून घासून धुतले.
बोटावरची शाई तशीच.

वहीत लिहिलं:
जमा, ट्यूब एक, फुटकी. देणगीदार, खासदारसाहेब.
खर्च, शून्य.
त्याखाली सिक्वेसेचं म्हणणं:
ट्यूबचा वायसर, तीन महिने, फार तर चार.
घरटी पाचशे चालूच ठेवलेत.
दोरोफेने या महिन्याचे दिलेले नाहीत.
कारणाची जागा
अजून मोकळी सोडलीय.